मोडायचे दात

अ‍ॅशकोमची पाणचक्की बघायला येणाऱ्यांसाठी एक पुस्तिका निघते आहे. तिच्यात शेवटचा रखवालदार रूबेन गेसफर्ड याच्यावर दोन पानं मी लिहावीत असं समितीने ठरवलं, कारण त्याला नीट ओळखणारं गावात आता दुसरं कोणी उरलेलं नाही. "चांगलं लिहा हं, विनी," असं सेक्रेटरीबाई मला दोनदा बजावून गेल्या. मी खरं लिहीन एवढंच कबूल केलं. त्यांना ते पसंत पडलं नाही तर पानं परत करावीत, माझ्याकडे चूल पेटवायला कागद लागतोच.

रूबेन १९१९ साली लढाईवरून परत आला आणि सव्विसाव्या वर्षी चक्कीवर लागला. नदीकाठी पिवळ्या दगडाची इमारत, तिला लागून दोन खोल्यांचं घर. घर नोकरीबरोबर मिळायचं आणि नोकरीबरोबरच जायचं. एव्हन नदीचं पाणी चाक फिरवायचं आणि ते चाक दोन मोठ्या तुळया हलवून त्याच नदीचं पाणी पंचेचाळीस फूट वर, टेकडीवरच्या कालव्यात चढवायचं. कोळसा लागत नव्हता, धूर होत नव्हता. चाक चार दिवस थांबलं की वरच्या होड्या चिखलात बसत. म्हणून रूबेन बत्तीस वर्षांत अर्ध्या दिवसापेक्षा जास्त कुठेही गेला नाही. त्याची बायको ॲडा म्हणायची, "माझं लग्न चाकाशी झालंय. हा नुसता मधला माणूस."

तो कारागीर होता, हे मी नाकारणार नाही. एक काठी आसाला टेकवायचा, दुसरं टोक दातात धरायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. आत काय दुखतंय ते त्याला त्या काठीतून कळायचं. झोपेत चाकाची लय बदलली तरी तो उठून बसायचा.

माझे बाबा, जोब हिलियर, त्याच्या हाताखाली होते. पाणी चाकाकडे वळतं तिथे लोखंडी सळ्यांची जाळी होती. तिच्यात अडकलेली पानं, फांद्या, कधी फुगलेलं मेंढरू, सगळं दाताळ्याने ओढून काढायचं, हे बाबांचं काम. दुपारी दोघं एकाच दगडावर बसून पाव, चीज आणि कच्चा कांदा खायचे.

"जोब, तुझ्या जाळीतून काल एक बूट आला."

"मग दुसरा शोधून ठेव. तुझे फाटलेत."

एवढं बोलून दोघं पुन्हा कांद्याकडे वळायचे. मी त्याला रूबेनकाका म्हणायचे. तो मला चाकाजवळ नेऊन दात मोजायला लावायचा आणि मी चुकले की पहिल्यापासून मोजायला लावायचा.

आता त्या दातांबद्दल सांगायला हवं. पाणचाकाच्या आसावर आत एक मोठं दातेरी चाक होतं. चाक बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, पण त्याचे दोनशेच्या वर दात ओकच्या लाकडाचे, एकेक वेगळा बसवलेला. बाबांनी मला त्याचं कारण सांगितलं होतं. नदीतून ओंडका आला, चाक अडलं, तर पाण्याच्या जोराने काहीतरी मोडणारच. मग लाकूड मोडू दे. लाकडाचा दात दुपारभरात बसवता येतो, बीड कोण जोडणार? म्हणून जवळजवळ प्रत्येक हिवाळ्यात काही दात मोडायचे आणि रूबेन शेडमध्ये वाळत घातलेल्या ओकमधून नवे कापून बसवायचा. जाळी कितीही राखली तरी पुरात ओंडके यायचेच. त्याबद्दल कोणी कोणाला बोल लावत नव्हतं.

दुसरी लढाई लागली आणि बाबा सैन्यात गेले. रूबेन एकटा पडला. दिवसा जाळी, रात्री चाक, आणि ओक मिळेना. एका हिवाळ्यात पाच वेळा दात मोडले. कालव्याच्या कचेरीतून पत्रांवर पत्रं यायची की पाणी का कमी आहे. पुढच्या वर्षी त्याच्या अंगठ्याला मोठं फडकं बांधलेलं मला आठवतं. मी पाच वर्षांची असेन. गंजका खिळा लागला, म्हणाला. पू झाला, डॉक्टरने दोनदा चिरला आणि तो अंगठा जन्मभर ताठच राहिला.

बाबा १९४६ साली परत आले, त्यानंतर एकही दात मोडला नाही. एक वर्ष, दोन वर्षं, पाच वर्षं. कचेरीतून रूबेनला शाबासकीचं पत्र आलं, ते ॲडाने चौकट करून लावलं. बाबांना वाटलं की हा आपल्या जाळीचा गुण. पबमध्ये एक ग्लास सायडर पोटात गेली की ते म्हणायचे, "मी आल्यापासून एक दात गेला नाही. माझे स्वतःचे चार गेले." लोक हसायचे. रूबेनही तिथेच बसून हसायचा. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

मार्च १९५१ मध्ये नदीला मोठा पूर आला. बाबा पहाटेपासून जाळीवर होते. विलोचा एक आख्खा बुंधा पाण्याखालून आला, दोन सळ्या वाकवून आत गेला आणि चाकात अडकला. शाळेत आम्हाला तो आवाज ऐकू आला. बाई खडू हातात धरून थांबल्या. आतला बीडाचा आस मधोमध फुटला होता. दात सगळे जागच्या जागी होते.

कचेरीचे साहेब आले. पाण्याच्या काठाने फिरले, वाकलेल्या सळ्या पाहिल्या आणि विचारलं, "एवढा ओंडका आत आला कसा?"

रूबेन टोपी हातात घेऊन उभा होता. तो म्हणाला, "जाळी जोबकडे असते, साहेब."

वाक्य खरं होतं. त्याने एवढंच सांगितलं आणि दात का मोडले नाहीत हे साहेबांना विचारायचं सुचलं नाही. बाबांनी सळ्यांबद्दल काही सांगायला तोंड उघडलं, साहेबांनी हात वर केला. महिनाअखेर बाबांची नोकरी गेली. नवा आस फार महाग म्हणून चाक कायमचं बंद केलं आणि शेजारी डिझेलचा पंप बसवला. तो चालवायला रूबेनला ठेवलं. घरही राहिलं. ॲडाची छाती तेव्हा फार बिघडली होती, ती त्या घरातून हलली असती तर पहिल्या थंडीत गेली असती. हे मला आज कळतं. तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि मला एवढंच दिसलं की रूबेनकाका आमच्या दारावरून मान खाली घालून जातो. त्या दिवसापासून मी त्याला मिस्टर गेसफर्ड म्हणू लागले.

बाबा रबराच्या कारखान्यात झाडू मारायला लागले. पबचं दार उघडून ते आत आले की कोणीतरी हटकून म्हणायचं, "जोब आला रे, दार लावून घ्या. मागून ओंडका येईल." पहिली काही वर्षं बाबाही हसले. मग त्यांनी पब सोडला. घरी ते कधीकधी जेवता जेवता थांबायचे आणि विचारायचे, "विनी, तिसरी सळी मी बघितली होती ना गं?" जणू मी तिथे होते. मी म्हणायचे, "हो बाबा, बघितली होती." अठरा वर्षं मी हेच उत्तर दिलं आणि १९६९ मध्ये ते गेले. दफनाच्या दिवशी रूबेन चॅपेलच्या फाटकाशी टोपी काढून उभा होता. मी त्याला म्हटलं, "आत यायची गरज नाही." तो आला नाही.

१९७४ साली बाथच्या कॉलेजातले काही जण चक्की पुन्हा चालू करायला आले. शनिवारी येऊन गाळ उपसायचे. मी शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरीला होते, तर शाळेची मोठी किटली घेऊन त्यांना चहा द्यायला जाऊ लागले. का, ते मला सांगता येणार नाही. त्या चाकावर माझा राग होता, पण त्याच्याशिवाय माझं लहानपण कुठे नव्हतंच. रूबेनला त्यांनी कोपऱ्यात खुर्ची दिली होती. एक्याऐंशी वर्षांचा, ॲडा जाऊन बारा वर्षं झालेली. आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. मी त्याचा कप खुर्चीजवळच्या खोक्यावर ठेवायचे आणि पुढे जायचे.

एका शनिवारी त्यांनी दातेरी चाक धुऊन काढलं. काळं वंगण निघालं आणि खालून हिरवट तपकिरी, चकचकीत लाकूड दिसलं. त्यांचा म्होरक्या कॉलिन नावाचा लाल दाढीवाला इंजिनिअर होता. तो आनंदून गेला.

"तेवीस वर्षं चिखलात, आणि एक ओरखडा नाही बघा. मिस्टर गेसफर्ड, कुठलं लाकूड हे?"

"ग्रीनहार्ट," रूबेन म्हणाला. "ब्रिस्टलच्या गोदीचे दरवाजे करतात त्याचे. ॲडाचा भाऊ तिथे होता. जुना दरवाजा मोडला, त्यातलं."

"मग ठरलं. नवे लागतील ते सगळे ग्रीनहार्टचेच करायचे. जन्मात मोडणार नाहीत."

मी ट्रे घेऊन तिथेच उभी होते. रूबेनने माझ्याकडे पाहिलं नाही. तो आपल्या ताठ अंगठ्याकडे बघत होता. तो गंजक्या खिळ्याने नाही, ह्याच लाकडाच्या कुसळाने पिकला होता, हे मला तेव्हा कळलं. गप्प बसला असता तर त्याला कोणी काही विचारणार नव्हतं. सगळे त्याच्या दातांचं कौतुक करत होते.

"नको," तो म्हणाला. "हे दात वाईट आहेत."

"एकही मोडला नाही की!"

"तेच सांगतोय. मोडायसाठीच बसवतात ते. मी लढाईत कंटाळलो, एकटा होतो, म्हणून न मोडणारे केले. पत्रातून शाबासकी मिळाली. मग ओंडका आला, दात मोडले नाहीत, म्हणून आस फुटला." मग तो हळू म्हणाला, "ओंडके दरवर्षी यायचे. जोब हिलियरच्या जाळीत काही खोट नव्हती. खोट इथे होती."

कॉलिनने खिशातून वही काढली आणि लिहिलं. "ओकच वापरायचा. फार कामाचं सांगितलंत, थँक यू." बाकीचे पुन्हा घासायला लागले. जोब हिलियर कोण, हे त्यांच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

मला हलकं वाटलं नाही. मला राग आला. मी सगळ्यांना चहा दिला, त्याला दिला नाही. तो बाहेर पडला तसं मी त्याला नदीकाठी गाठलं.

"परक्यांना सांगून मोकळे झालात?"

"तू होतीस तिथे."

"मला काय सांगता? मला माहीत होतं माझा बाप कसा होता. जिथे त्याला हसले तिथे जाऊन सांगा."

तो त्याच दुपारी काठी टेकत टेकडी चढून पबमध्ये गेला. मी मागे गेले, कारण माझा त्याच्यावर विश्वास नव्हता. मध्ये उभं राहून त्याने सगळं सांगितलं. आत बसलेले बहुतेक लोक बाथहून आलेले नवे, ते खाली बघू लागले. जुन्यांपैकी दोघंच होते. एकाला ऐकू येत नव्हतं. दुसरा म्हणाला, "बस रे रूबेन, पाय दुखले असतील. आता त्याचं काय?" रूबेन बसला नाही. मीही नाही. आम्ही दोघं टेकडी उतरून आलो, एका वाटेने.

लोकांकडून वर्गणी करून नवा आस ओतून घेतला, ओकचे दात कापले आणि १९७६ च्या वसंतात, एका शनिवारी, चाक सुरू झालं. गाव जमलं होतं. तुळया हलल्या आणि वर कालव्यात पाणी पडायला लागलं, तेव्हा मी रडले. पावणेतीनला नदीतून एक जाड फांदी जाळी चुकवून आत आली. काडकाड आवाज झाला, चाक थबकलं आणि कॉलिनचा चेहरा पांढरा पडला. रूबेनला आता डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. त्याने खुर्चीतून हात पुढे केला, माझी बाही धरली.

"विनी, काय मोडलं?"

मी वाकून मोजले. पहिल्यापासून, दोनदा. "अकरा दात."

"आणि लोखंड?"

"लोखंड धड आहे, रूबेनकाका."

त्याने मान हलवली आणि माझी बाही सोडली नाही. पोरांनी पाणी अडवायचं दार खाली सोडलं, फांदी ओढून काढली आणि शेडमधून नवे दात आणले. कोणी कोणाला बोल लावला नाही. जाळीवर कोण होतं, हेसुद्धा कोणी विचारलं नाही. मी घड्याळाकडे बघत बसले. पाचला दहा मिनिटं असताना चाक पुन्हा फिरायला लागलं.

दोन तास पाच मिनिटं. एवढंच काम होतं, बाबा.