दम राखून

गोदावरीवर सोनपेठच्या बाजूला आमची नाव चालायची. आजा नावाडी, बाप नावाडी. एका उन्हाळ्यात पलीकडच्या काठावरचं एक घर नावेवर हक्क सांगू लागलं. तहसीलदारसाहेब आमराईत मेजवानीला आले तेव्हा दोन्ही घरं त्यांच्या पाया पडली. साहेबांना भांडणाचा कंटाळा आला. "दोनों के लड़के तैरें," ते म्हणाले. "जो जीते, नाव उसकी." आमच्या चुलीचा निकाल त्या गृहस्थानं पान चघळत लावला!

मला तेव्हा नुकती मिसरूड फुटली होती. पोहायला बापानंच शिकवलेलं, तेही पुरात. पुरात उतरणारा सुरुवातीला जोर लावत नाही. मधली धार माणसाला ओढते, तिच्यासाठी दम राखायचा, ही आमच्या घरची रीत. घाई केली की बाप ओल्या दोरानं पाठ सोलून काढायचा. समोरचा पोरगा विहिरीत शिकलेला. उडी मारली की पलीकडची भिंत, त्याला राखून ठेवणं ठाऊकच नव्हतं.

पण उन्हाळ्यात धार कुठली? सगळी वाळू आणि मधे एक छोटासा डोह, पाणी जागचं हलत नव्हतं. ते बापाला दिसत होतं, मलाही दिसत होतं. तरी दोघांच्याही टाळक्यात उजेड पडला नाही.

शिपायानं हात खाली केला आणि तो पोरगा पिसाळल्यासारखा सुटला. मीही सुटणार, तोच काठावरून बाप ओरडला, "दमानं! दमानं घे रं! कुठं पळायलास?" पाठीला ते वळण लागलेलंच होतं. मी हात आवरले. राखलेला दम काढायची वेळ आली तेव्हा तो पोरगा पलीकडच्या वाळूवर उभा राहून धोतर पिळत होता. माझ्यात तर अजून दोन डोह पोहण्याइतका जोर शिल्लक होता.

दुपारी साहेबांचे पाहुणे आले. शर्यत हुकली म्हणून ते हळहळले, तेव्हा साहेबांनी आम्हाला पुन्हा पाण्यात उतरवलं. या वेळी बाप डोक्याला हात लावून गप्प बसला होता. मी पहिल्या हातापासून सगळं ओतलं, मान वर काढलीच नाही. तोही जीव तोडून पोहत होता, तरी मी पुष्कळ आधी पोचलो. पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या.

बाप धावत साहेबांकडे गेला. "सरकार, जिंकलं की माजं पोरगं!"

"वो तो तमाशा था," साहेब हसून म्हणाले. "फ़ैसला सुबह हो चुका."

बाप परत आला आणि सगळ्यांसमोर त्यानं माझ्या मुस्काटात दिली. "सकाळी कुठं मेलतास रं?"

"तुमीच म्हनले दमानं," मी म्हणालो. संताप संताप झाला होता माझा.

त्यानं दुसऱ्या गालातही दिली. मग वल्ही माझ्या खांद्यावर टाकली आणि पलीकडच्या काठावर, त्या पोराच्या घरी पोचती करायला मलाच पाठवलं.