एका कडेची चिठ्ठी

“पुढच्या आवृत्तीत पाहू, बाई.”

काहीही विचारा, काकांचं उत्तर हेच. पडलेला दात बसवत का नाही? पुढच्या आवृत्तीत पाहू. लग्न काऊन नाही केलं? पुढच्या आवृत्तीत पाहू. एकदा वकिलांच्या बाररूममध्ये कुणीतरी म्हणालं, “काका, आता तुमची पुढची आवृत्ती म्हणजे पुढचा जन्मच!” सगळ्यांत मोठ्याने काकाच हसले.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण आमच्या गोंदियाच्या कोर्टाची तुम्ही चढला असाल, तर काकांना पाहिलंच असेल. खांद्याला खाकी झोळा, हातात झाकणाचा डबा. नागपूरच्या एका कायद्याची पुस्तकं छापणाऱ्या कंपनीचे ते फिरते माणूस. सौंदडहून सकाळच्या गाडीने यायचे. कायदा बदलला की कंपनी दुरुस्तीच्या छापील चिठ्ठ्या काढायची, आणि काका त्या आम्हा वकिलांच्या पुस्तकांत जागच्या जागी चिकटवून द्यायचे. डब्यात भाताची खळ असायची. कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद. आमच्या सासूबाई उरलेला भात बाजूला काढून म्हणायच्या, “टाकू नको वं, किताबवाले येतीन.”

चिठ्ठी ते फक्त एका कडेने चिकटवायचे. मी वकिलीत नवी होते. वैतागून म्हटलं, “काका, पूर्ण चिकटवा ना. किती फडफडते ती!”

“मंग जुन्या कलमातली केस आली तं खालचं वाचसान कसं?” काका म्हणाले आणि पुढच्या पानाकडे वळले.

कंपनीचा इतिहास हा त्यांचा जीव की प्राण. ऐकणारा हवा फक्त. मूळ मालक स्वतः वकील, पण केसेस यथातथाच. जमीनदारांची मालगुजारी गेली आणि कुळं विचारू लागली, साहेब, आमची जमीन आता कोणाची? कायदा सगळा इंग्रजीत. मग या गृहस्थाने गोठ्यातली म्हैस विकली, त्याच गोठ्यात पायाने चालवायचं छपाईचं मशीन आणलं आणि कुळांचा कायदा मराठीत छापला. हे सांगताना काका पाय हलवून मशीन चालवून दाखवायचे.

“तुम्ही पाहिलं का पण ते?” मी एकदा चिडवलं.

“जन्मलोच नोहतो जी. पन कंपनीत होतो.”

मालकाचे नातू आले तेव्हा सगळं मोबाइलवर गेलं. फौजदारी कायदे तर मुळापासून नवे आले, तिथे चिठ्ठी लावणार कशाला? कंपनीने छपाई बंद करायचं ठरवलं. शेवटचं एक पुस्तक काढायचं, कंपनीचा इतिहास. त्यासाठी एक माणूस कॅमेरा घेऊन सौंदडला गेला, काकांशी अख्खी दुपार बोलला, डब्यासकट फोटो काढून घेऊन गेला.

झालं! काका हवेत. “बाई, माझं पान येऊन राहिलं इतिहासात.” चहावाल्याला सांगितलं, पट्टेवाल्याला सांगितलं, तारखेला आलेल्या अनोळखी पक्षकारांनाही सांगितलं. घरी सांगायला होतं कोण? आई गेल्यापासून ते आणि रेडिओ.

पुस्तक आलं तेव्हा ते पाकीट न फोडताच बाररूममध्ये घेऊन आले.

“अजून पाहिलं नाही तुम्ही?”

“घरी कोनासमोर फोडू?”

आम्ही सगळे भोवती जमलो. म्हशीचा गोठा होता. मशीन होतं. मुलगे, नातू, नव्या मशीनची पूजा करणाऱ्या सुना, सगळं गुळगुळीत कागदावर. काका पानं उलटत शेवटापर्यंत गेले. मग शेवटापासून परत पहिल्या पानापर्यंत आले. त्यांचं पान नव्हतं. फोटो नव्हता, नावही नव्हतं. नालायक लेकाचे! अख्खी दुपार काकांना बसवून ठेवलं होतं.

“राहिलं असन,” काका म्हणाले.

आम्ही वाट पाहत राहिलो. आता म्हणतील, पुढच्या आवृत्तीत येईन. पण तसं म्हणाले नाहीत. पुढची आवृत्ती नाही, हे त्यांना आमच्याआधी ठाऊक होतं.

माझ्या भाडे कायद्याच्या पुस्तकातली एक चिठ्ठी लावायची राहिली होती. काकांनी डबा उघडला, खळ घेतली आणि चिठ्ठी चारही कडांनी चिकटवली. अंगठ्याने दाबून, कोपरेसुद्धा.

“काका, अहो, चारही बाजूंनी?”

“राहू द्या, बाई. आता कोन उचलून पाहते?”

इतिहासाचं पुस्तक टेबलावरच ठेवून ते गाडीला गेले. पुन्हा आले नाहीत. हिवाळ्यात सौंदडचा एक पक्षकार सहज बोलता बोलता म्हणाला, किताबवाले गेले ना, शेजाऱ्यांनीच सगळं केलं. मला त्या दिवशी उलटतपासणी सुचेना. रडू आलं, खरं सांगते.

घरी येऊन भात घोटला, मोरचूद टाकला. एक चिठ्ठी टाइप केली. तिच्यात काकांचं नाव, गाव आणि काम लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी ती कंपनीच्या इतिहासात मशीनच्या फोटोशेजारी लावली. एकाच कडेने.

खळ जरा पातळच झाली. काकांनी नाक मुरडलं असतं.

पुस्तक बाररूमच्या टेबलावर उघडंच असतं. पंखा लावला की चिठ्ठी फडफडते. परवा एक नवा वकील ती पूर्ण चिकटवायला गोंद घेऊन आला. मी त्याचा हात धरला.