केस बुकातलं विसावं पान

डहीला पोचलो त्या संध्याकाळी सात वाजता वॉर्डनने फाटकाला बाहेरून कुलूप लावलं आणि म्हणाली, "तुम्हारी सेफ्टी के लिए." आम्ही आठ मुली. देवासच्या नर्सिंग कॉलेजच्या बसने आम्हाला धार जिल्ह्याच्या या टोकाला आणून टाकलं होतं, सरकारी दवाखान्यात सहा आठवडे बाळंतपणं शिकायला. एप्रिल संपत आला होता. खोलीला एक खिडकी होती आणि तिच्यासमोर भिंत. मोबाईलला रेंज हवी तर गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून उभं राहायचं, आणि गच्चीची किल्लीही वॉर्डनकडेच.

मला नर्सिंग करायचंच नव्हतं. काय करायचं होतं ते विचारू नका, तेही ठाऊक नव्हतं. पण हे नाही, एवढं पक्कं ठाऊक होतं. बाबा खानदेशातून देवासला कारखान्यात नोकरीला आलेले. त्यांच्या मते मुलीच्या हातात असं काम हवं की कुठेही गेली तरी उपाशी राहणार नाही. पहिल्या वर्षी देवासच्या लेबर रूममध्ये पहिलं बाळंतपण पाहिलं आणि मी बादलीशेजारी चक्क आडवी झाले. शुद्धीवर आल्यावर घरी फोन केला, "बाबा, मला घेऊन जा." बाबा शांतपणे म्हणाले, "तुझ्या ओरिजनल मार्कशीट कॉलेजात जमा आहेत. मधेच सोडलंस तर त्या मिळायच्या कशा? आणि घरी येऊन करणार काय?" मग आईने फोन घेतला आणि विचारलं, "जेवलीस का?" झालं. विषय संपला.

म्हणजे बाहेर पडायची वाट एकच होती, परीक्षा. आणि परीक्षेच्या फॉर्मला केस बुक पूर्ण लागायचं. त्यात वीस पानं. स्वतःच्या हातांनी केलेलं एकेक बाळंतपण एकेका पानावर, खाली इनचार्ज सिस्टरची सही. विसांतली सही एक जरी कमी पडली तरी पुढच्या बॅचबरोबर, म्हणजे अख्खे सहा महिने आणखी आत. दुसऱ्या जिल्ह्यांत गेलेल्या मुली दोन बाळंतपणं करून दहा लिहायच्या आणि सिस्टर चहा पिता पिता सह्या ठोकायच्या, असं आम्ही ऐकून होतो. आमच्या नशिबी मात्र डहीच्या सिस्टर होत्या.

सिस्टर निसरपूरच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, बुटक्या, आवाज असा की बाळही दचकून रडायला लागावं. त्यांचं जुनं घर नर्मदेवरच्या धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. कागदावर लिहिलं होतं म्हणे की पाणी त्यांच्या ओट्यापर्यंत येणार नाही. पाणी कागद वाचून आलं नाही. तेव्हापासून बाईंचा लिहिलेल्या अक्षरावर काडीचा विश्वास राहिला नाही. आम्ही केस बुक भरून पुढे केलं की त्या ते बघायच्याही नाहीत. सरळ उठायच्या, बाळंतिणीच्या खाटेपाशी जायच्या आणि विचारायच्या, "किसके हाथ पे हुआ?" बाईने आमच्याकडे बोट दाखवलं तर सही. नाही दाखवलं तर पान आडवी रेघ मारून रद्द, त्यावर कोरा कागद चिकटवून पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या आठवड्यात माझी चार पानं रद्द झाली. चार! एका बाईचं पोर माझ्या या दोन हातांवर आलं होतं, मी कोपरापर्यंत भिजले होते, आणि बया बोट दाखवते कोणाकडे, तर फरशी पुसणाऱ्या आयाकडे! मी भडकलेच. म्हणाले, "सिस्टर, हिला काय दिसतंय? ही तर डोळे मिटून ओरडत होती. मी केलंय, सगळ्यांनी बघितलंय." सिस्टरने माझ्यासमोरच पानावर रेघ ओढली आणि म्हणाल्या, "छोरी, औरत बोल दी, बात खतम." पुन्हा कधी वाद घालायचा नाही, हे त्या दिवशी आम्ही आठही जणी शिकलो.

आया काय करायची ते मी मग नीट बघितलं. ती बाईच्या उशाशी उभी राहायची. पाठ चोळायची, ओठ ओले करायची, तिच्या बोलीत काहीबाही पुटपुटत राहायची. आम्ही सगळ्या पायथ्याशी गर्दी करून उभ्या, बाळाचं डोकं दिसतंय का म्हणून. चेहरा कोण बघणार? अच्छा, म्हणजे असं आहे तर, म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येकीच्या उशाशी जायला लागले. आपलं नाव सांगायचं, तिचं विचारायचं, कळ आली की खांद्यावर हात, कळ ओसरली की पाणी. माया वगैरे काही नव्हती हो, खोटं कशाला बोलू. मला बोट हवं होतं. बाईने माझ्याकडे दाखवलेलं एक बोट म्हणजे बाहेर जायच्या वाटेवरचं एक पाऊल.

पण हातांना मात्र सिस्टरनेच वळण लावलं, हे मान्य करते. पोटावर तळवा ठेवून घड्याळाकडे बघायचं, कळ किती वेळ टिकते ते तळव्याने मोजायचं. डोकं दिसायला लागलं की बाईला जोर थांबवायला लावायचा, फुंकर मारल्यासारखे श्वास घ्यायला सांगायचे आणि खालून कापडाने आधार द्यायचा. सिस्टर माझ्या हातावर आपला हात ठेवायच्या आणि मी घाई केली की बोटांवर चापट मारायच्या. डोकं बाहेर आलं की मानेभोवती नाळ आहे का ते बोट फिरवून बघायचं. वार पडायची असेल तेव्हा ओढायची नाही, म्हणजे नाही. पाचव्या आठवड्यात सिस्टरने पहिल्यांदा आपला हात माझ्या हातावरून काढून घेतला आणि त्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. मला ते कळलंसुद्धा नाही, बाळ रडल्यावर कळलं.

माझ्याबरोबर एकाच खाटेवर उलटसुलट झोपणारी एक मुलगी होती. देवास जिल्ह्यातलीच, पण खाली दक्षिणेला, सतवासची. तिला सगळ्या सतवासवाली म्हणायच्या. तिचं माझ्यासारखं नव्हतं, तिला हेच करायचं होतं. लहानपणापासून. घरातून मात्र एवढीच मुभा होती की याच वर्षी परीक्षा दे. अडकलीस तर शिक्षण बंद, स्थळ तयारच होतं. आम्ही हिंदीत भांडायचो, हिंदीतच हसायचो. मला मराठी वाचताना अडखळायला होतं, कारण शाळा सगळी हिंदी. ती मला चिडवायची, "यार, तेरी मराठी तो मेरे से भी गई-बीती है." तिचे हात माझ्यापेक्षा कितीतरी चांगले होते. हळू, न बोलणारे. तिचा तोटा एकच. तीही काही बोलायची नाही, त्यामुळे तिचीही पानं माझ्याइतकीच रद्द व्हायची.

शेवटचा दिवस उजाडला तेव्हा आम्हा दोघींची एकोणीस एकोणीस होती. बाकी सहा जणींची वीस झाली होती. चार वाजता कॉलेजची बस येणार, दुसऱ्या दिवशी देवासला फॉर्म भरायची शेवटची तारीख. सकाळी दहाला एक पहिलटकरीण आली. एकोणीस-वीस वर्षांची असेल, कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या. पाळी सतवासवालीची होती. सिस्टरच्या वहीत तसंच लिहिलेलं होतं, त्यात काही वाद नव्हता. मी म्हटलं, ठीक आहे, ही तुझी, पुढची येईल ती माझी. आणि सवयीने उशाशी जाऊन उभी राहिले.

तिने माझं मनगट धरलं. आधी कळ आली की धरायची आणि सोडायची, मग सोडायचंच बंद केलं. बारा वाजले. घाम डोळ्यांत जात होता, पुसायला हात मोकळा नाही. एक वाजला. मला बाथरूमला जायचं होतं, पोटात दुखायला लागलं. मी हळूच बोटं सोडवायचा प्रयत्न केला की ती डोळे उघडून अशी बघायची की माझी हिंमत व्हायची नाही. मनातल्या मनात मी तिला काय काय शिव्या घातल्या ते इथे लिहिता येणार नाही.

आणि अडीचला बाहेर गोंधळ झाला. जीपमधून दुसरी बाई आली होती, अगदी घाईवर आलेली. माझी विसावी! सिस्टर दारातून ओरडल्या, "देवासवाली, चल!" मी झटका देऊन हात ओढला. तिने दोन्ही हातांनी धरला. एक बांगडी फुटली आणि काच माझ्या मनगटात घुसली. मी तिला चक्क मराठीत म्हटलं, "अगं बाई, सोड ना मला, पाया पडते तुझ्या." तिला काय कळणार? तिने माझा हात छातीशी घट्ट आवळून घेतला. बाहेरच्या खोलीत दुसऱ्या बाईचं बाळ रडलेलं मला ऐकू आलं. सिस्टरच्या हातावर झालं होतं ते. मी तिथेच उभी राहून रडले, लाज सोडून.

इकडे दहा मिनिटांत हिचंही झालं. सिस्टर अजून पलीकडेच होत्या. सतवासवालीने एकटीने केलं. मला दिसत काहीच नव्हतं, मी उशाशी जखडलेली, पण तिचा आवाज ऐकू येत होता, "अब नहीं, अब फूँक मार, बस, बस." मग मी मान लांबवून बघितलं, नाळ मानेभोवती होती. तिने ती बोटाने अलगद डोक्यावरून काढली, बाळाला आईच्या पोटावर ठेवलं, पुसलं, आणि ते रडलं. वार आली. जराही फाटलं नाही. इतकं स्वच्छ बाळंतपण मी त्या सहा आठवड्यांत पाहिलं नव्हतं.

साडेतीनला सिस्टर हात पुसत आल्या. आम्ही दोघी खाटेपाशी उभ्या. सतवासवालीने आपलं केस बुक विसाव्या पानावर उघडून हातात धरलं होतं. पेनसुद्धा तयार. सिस्टरने विचारलं, "किसके हाथ पे हुआ, बेटा?"

बाईच्या हातात माझा हात होताच. तिने तो तसाच वर उचलून दाखवला.

सिस्टर हसल्या. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. माझ्याकडे हात पुढे करून म्हणाल्या, "ला, तेरी किताब." सतवासवालीने तोंड उघडलं, "सिस्टर, वो..." सिस्टरने तिच्याकडे बघितलं फक्त. "औरत झूठ बोलेगी?" तिने तोंड मिटलं. मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. ती वाट बघत होती.

मी बोलायला हवं होतं. सिस्टर, हे हिने केलं, एवढंच. माझं सिस्टरने ऐकलं असतं, कारण स्वतःच्या विरुद्ध कोण खोटं बोलतं? पण माझ्या डोळ्यांपुढे ते फाटक होतं, भिंतीसमोरची खिडकी होती, आणखी सहा महिने होते. मनात एक वकीलही उभा राहिला, की हिच्यापायी तुझी केस गेली, तुझा काही हक्क आहे की नाही? मी पिशवीतून केस बुक काढून दिलं. सिस्टरने वेळ लिहिली, सही केली. शाई वाळायच्या आत बस आली.

बसमध्ये ती माझ्याच शेजारी बसली. दुसरी जागा रिकामी असूनही. मनात असलं तरी माझ्याने खिडकीबाहेरून मान वळवेना. मध्येच तिने माझा हात ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला, मनगटातली काच नखाने काढली आणि मलम लावलं. "दर्द है?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "अच्छा किया, छुड़ाया नहीं. डर जाती बेचारी."

दुसऱ्या दिवशी मी फॉर्म भरला. ती हॉस्टेल सोडून सतवासला गेली. पावसाळा संपता संपता तिचं लग्न झालं. पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर आली होती. मी गेले नाही, कोणत्या तोंडाने जाणार?

मी पास झाले, मार्कशीट परत मिळाल्या आणि गंमत बघा, बाहेर पडून मी गेले कुठे, तर देवासच्याच लेबर रूममध्ये, जिथे बादलीशेजारी पडले होते तिथेच. बाळंतपणं खूप झाली हातावर. लोक विचारतात, किती केलीस? मी मनात मोजायला लागते आणि एकोणीसच्या पुढे काही केल्या सरकत नाही. आता माझ्याकडे मुली शिकायला येतात. मी बाळंतिणीला काही विचारत नाही. मुलीच्या शेजारी शेवटपर्यंत स्वतः उभी राहते आणि मगच सही करते.

गेल्या वर्षी एका दुपारी खालून निरोप आला, बीपी वाढलं म्हणून एक बाई पाठवलीय. स्ट्रेचर आत आलं. सतवासवाली. चेहरा सुजलेला, केस विस्कटलेले, पण बघताक्षणी ओळखलं मी, आणि तिने मला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, बीपी उतरलं, कळा चांगल्या होत्या. मी आपसूक उशाशी गेले आणि माझा हात पुढे केला. माझ्या मनगटावर काचेची खूण अजून आहे. तिने तो हात धरला नाही. खाटेची लोखंडी दांडी धरली आणि दात आवळून म्हणाली, "तेरे हाथ नीचे रख."

मी पायथ्याशी गेले. तासाभराने डोकं दिसलं. मी म्हटलं, आता जोर नको, फुंकर मार. तिला सांगायची गरजच नव्हती, ती आधीच मारत होती. मुलगी झाली. मी ती तिच्या पोटावर ठेवली, पुसली, ती रडली. तिने लेकीच्या पाठीवर हात ठेवला, बराच वेळ तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ले," ती म्हणाली, "अब हुई तेरी बीस."

वार अजून यायची होती. मी पोटावर तळवा ठेवला आणि वाट बघत उभी राहिले.