भुटूचं बिजयाचं ताट

आमच्या कृष्णनगरात पारुल मोदकच्या तोंडाला कुणी लागत नाही. दुकान मिठाईचं, पण बाई तिखट. नवरा गेला तेव्हा गल्ली म्हणाली, दुकान बसलं आता. सुतक फिटलं त्याच सकाळी तिनं कढईखाली जाळ घातला आणि बाहेर जमलेल्या हितचिंतकांना म्हणाली, "घ्यायला आलात की बघायला? बघायला असाल तर उजेड सोडा." तेव्हापासून दूध फाडून त्याचा छाना पिळण्यापासून साच्यातून संदेशाच्या वड्या काढण्यापर्यंत सगळं तिच्याच हातचं. तिच्या मुलीला मी भूगोल शिकवला, म्हणून मला मास्टरमोशाय म्हणते आणि दम मात्र पोराला द्यावा तसा देते.

तिचे माझ्यावर उपकार आहेत. ते सांगायलाच बसलोय.

माझ्या घरात मी आणि भुटू, एवढेच. भुटू म्हणजे राखाडी अंगाचा, पिवळ्या तुऱ्याचा कॉकाटील पोपट. माझ्या बायकोनं, इंदुलेखानं हातावर वाढवलेला. ती गेल्यावर घरात आवाज राहिला तो त्याच्या शिळेचा. एरवी वर्षभर माझ्या दारात काळं कुत्रं फिरकत नाही. पण दुर्गेचं विसर्जन झालं, बिजया लागली, की अख्खी गल्ली पाया पडायला नि गळाभेटीला येते. आलेल्याचं तोंड गोड करायचं आणि त्यानं नाही म्हणायचं नाही, हा इथला कायदा. आता दहा घरं फिरून आलेल्या माणसाच्या पोटात जागा कुठली? मग उरलेला संदेश भुटूला. कुणी चिमटीभर खीर, कुणी सरपुरिया या इथल्या मिठाईवरची साय. "एवढ्याशानं काय होतंय हो, वर्षाचा सण!"

गेल्या वर्षी दुसऱ्या दिवशी भुटू पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला. खाणं बंद, शीट नुसतं पाणी. पाखरांची डॉक्टर देबलीना सरखेल हिनं त्याला कसाबसा वाचवला आणि मला फैलावर घेतलं.

"मास्टरमोशाय, दूध पचवायची सोयच नसते पोपटाच्या पोटात. दूध, खीर, साय बंद. साखर-मीठही बंद. हौसच असेल तर बिनसाखरेचं घट्ट दही बोटाच्या टोकाला, नाहीतर चांगला पिळलेला, बिनमिठाचा छाना मसुराच्या दाण्याएवढा. तोही कधीतरी, रोज नाही."

"अगं, प्रत्येकानं चिमूटभरच दिलं!"

"आणि पाहुणे किती होते? थेंबे थेंबे तळे साचे, ते त्याच्या पोटात साचलं. पुन्हा असं झालं तर मी हमी घेणार नाही."

यंदा पूजा जवळ आली तसा माझा जीव टांगणीला लागला. लोकांना सांगून पाहिलं. सगळे माना डोलावतात आणि चिमटी पुढे करतात. भुटूला आतल्या खोलीत कोंडावं, तर माणसांचा आवाज ऐकून तो गजांवर डोकं आपटतो. शेवटी ठरवलं, बिजयाला घराला कुलूप लावून अंधारात बसायचं. संदेश नकोत म्हणून सांगायला पारुलकडे गेलो.

"पाखरासाठी माणसांना दार बंद?" ती कडाडली. "वर्षातनं एकदा तुमच्या घरात माणूस हसतं. तेही नको?"

"भुटू गेला तर उरलेलं वर्ष मी कुणाशी बोलू, पारुल?"

छान्याचे हात पदराला पुसत ती म्हणाली, "दार उघडं ठेवा. ताट मी आणते."

बिजयाच्या संध्याकाळी ती ताट घेऊन उंबऱ्यात उभी. लाल भोपळा, उकडलेले हरभरे आणि राळ्याचा भात घोटून बारक्या साच्यांत दाबलेला. इवलेसे मासे, इवलेसे शंख. "साखर नाही, मीठ नाही. देबलीनाला दाखवून आणलंय. ज्याचे हात शिवशिवतील त्यानं यातलं द्यायचं. न्या आत. मी नाही येत, मला फडफड सोसत नाही. कोंबडीलासुद्धा भिते मी."

गल्ली खूश. जो तो मासा उचलून भुटूला भरवतोय. मला मधुमेह, म्हणून चार शंख मीही हाणले, बरे लागले. आणि तेवढ्यात जोगेन कुंडू आले. वय नव्वदीकडे, हट्ट पाच वर्षांच्या पोराचा.

"बिजयाला भोपळा?" म्हणत त्यांनी सरपुरियाचा भलामोठा तुकडा मोडला आणि पिंजऱ्याच्या उघड्या दारात धरला.

"जोगेनदा, नको!" मी ओरडलो. ऐकतील तर शपथ. सणाच्या दिवशी वडीलधाऱ्याचा हात धरायचा कसा? माझा हात उठेना. भुटूनं मान लांब केली.

पारुल अजून उंबऱ्यातच होती, ती धावत आली आणि तिनं मध्ये तळहात घातला. भुटूनं तिच्या बोटाचा कडकडून चावा घेतला. तिनं डोळे गच्च मिटले, पण हात हलवला नाही.

"जोगेनजेठू," ती डोळे न उघडताच म्हणाली, "तोंड गोड करायचंय ना? माझं करा. दिवसभर गावाची तोंडं गोड करतेय, माझ्या तोंडात कुणी कण घातला नाही."

खरंच की. मिठाईवालीकडे बिजयाला मिठाई घेऊन कोण जातं? म्हाताऱ्यानं तो तुकडा तिला भरवला. "सुखात राहा, लेकी," एवढंच म्हणाले.

सकाळी भुटू दांडीवर शीळ घालत होता. मी पारोसं धोतर बदललं आणि पारुलच्या घरी गेलो, दुकानात नाही. दार उघडून मला बघताच तिचा चेहरा उतरला. बोटाला चिंधी होती. "भुटू?"

"ठणठणीत आहे." आणि मी तिच्या पायाशी वाकलो.

"अहो मास्टरमोशाय! वय काय, करताय काय! मला पाप लागेल!"

"लागू दे. तुझ्यामुळे माझं घर घर राहिलं, पोरी. तोंड उघड."

मी पुड्यातला संदेश तिला भरवला. तिच्या दुकानातला आणून तिलाच काय भरवायचा, म्हणून स्टेशनाजवळच्या दुकानातून आणला होता. ती चावत राहिली. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं, तरी पुसलं नाही.

"छाना आंबटलाय," ती म्हणाली, आणि दुसऱ्या संदेशासाठी हात पुढे केला.