परत आलेले दात

जिन्यात कुणीही भेटलं की काकूंपुढे आ करतं. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ, पत्रं टाकणारा पोस्टमन, एकदा तर घर दाखवायला आलेला दलालसुद्धा. "जरा बघता का हो, मागची दाढ ठणकतेय." काकू दर वेळी सांगतात की मी डॉक्टर नाही, मी दात बनवते, तुमचा पडला की मग बोलू. तरी इमारतभर त्यांचं नाव दातवाल्या काकू पडलं ते पडलंच.

बनवतात म्हणजे अगदी हाताने. दंतवैद्याकडून तोंडाचं माप येतं, त्यावरून लॅबमध्ये प्लास्टरचा जबडा ओततात, आणि मग काकू बारीक ब्रशने सिरॅमिकचे थर चढवत, भट्टीत भाजत, पुन्हा चढवत एक दात उभा करतात. मुळाशी किंचित पिवळट, मधे दुधी, टोकाला जवळजवळ पारदर्शक. बावीस वर्षं एकाच स्टुलावर बसून त्यांनी हेच केलं. पेशंट डॉक्टरांचे आभार मानतो, डॉक्टर फार तर लॅबच्या मालकांना फोन करतात, आणि तिथून पुढे काकूंपर्यंत काही पोचत नाही. या धंद्यात तशी रीतच नाही.

मग मालकांनी मशीन आणलं. संगणकावर दाताचा आकार काढायचा, मशीनने तो ठोकळ्यातून कोरायचा. पहिल्याच आठवड्यात मालकांनी काकूंना आणि कवळ्या बनवणाऱ्या त्यांच्या जुन्या सहकाऱ्याला केबिनमध्ये बोलावलं आणि नजर टेबलावर ठेवून सांगितलं, की सहा महिन्यांनी हाताचं काम बंद. कवळीवाले म्हणाले, "मी निवृत्तच होणार होतो." ते खोटं बोलत होते, पण त्यांना निदान तसं म्हणता आलं. काकू एकावन्न वर्षांच्या. त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही करायचंही नव्हतं. दात बनवायचे, नाहीतर काही नाही, असं त्यांनी घरी येऊन चप्पल काढता काढता जाहीर केलं.

रजा काढून त्या तीन लॅबमध्ये जाऊन आल्या. एका ठिकाणी दारातच सांगितलं, मेल करा. दुसऱ्या ठिकाणी एका कोवळ्या पोराने विचारलं, "मॅडम, तुमचं प्रोफाइल कुठाय?" तिसऱ्या ठिकाणी तेवढंही विचारलं नाही.

"प्रोफाइल नाही म्हणजे तू नाहीसच," मुलगी म्हणाली. ती एका कुरियर कंपनीच्या ऑफिसात कामाला, आणि आईला फोन शिकवताना तिचा संयम फार टिकत नसे. नोकरीधंद्याच्या ओळखी जुळवणाऱ्या एका अ‍ॅपवर तिने आईचं खातं उघडलं. नाव झालं, फोटो झाला, आणि गाडी 'पद' या रकान्यापाशी अडली.

"काय लिहू?"

"काय लिहिणार? मला लॅबमध्ये 'अहो' म्हणतात."

शेवटी 'दंत तंत्रज्ञ' असं लिहिलं. काकूंनी ते दोन शब्द चष्म्यातून आणि चष्म्यावरून असे दोनदा वाचले. आपण हे होतो आणि आपल्याला कुणी सांगितलंच नाही, याचा त्यांना जरा रागच आला.

आता काम दाखवायचं होतं. सर्वांत चांगलं काम कुठलं, याबद्दल काकूंच्या मनात शंका नव्हती. ते घरातच होतं. काकांनी चार वर्षांपूर्वी दातांनी बाटलीचं झाकण उघडायचा पराक्रम केला होता आणि पुढचा एक दात मोडून घेतला होता. तो दात काकूंनी पंधरा दिवस खपून केला होता. शेजारच्या दातावरची बारीक रेघसुद्धा त्यात उतरवली होती. त्यांनी काकांना खिडकीत उभं केलं, हसायला लावलं, फोटो काढला आणि खाली लिहिलं: 'माझं काम.'

दोन दिवसांत एकोणचाळीस जणांनी अंगठे दिले. नणंदेने लिहिलं, 'दादा तरुण दिसतोय.' कुणीतरी लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. नोकरीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

"अगं आई, यात दिसतंय काय?" मुलगी हसून हसून बेजार झाली. "बाबा दिसतायत!"

"मग? दिसायला नकोच. दिसला तर तो दात कसला?"

आणि बोलता बोलता काकू थांबल्या. घोळ कुठे झाला ते त्यांना कळलं. आपलं काम जितकं चांगलं, तितकं ते कुणाच्या नजरेत येत नाही. असले शंभर फोटो टाकले तरी लोक काकांचीच विचारपूस करणार. दुसऱ्या कुणी इथे नाद सोडला असता. काकू हट्टी. त्या दोन दिवस आमटीत मीठ विसरल्या, आणि तिसऱ्या दिवशी लॅबमधून बिस्किटांचा एक जुना डबा पिशवीत घालून घरी आल्या.

डब्यात परत आलेले दात होते. बसवताना जमला नाही, रंग जुळला नाही, पेशंटला आवडला नाही, की डॉक्टर दात लॅबला परत पाठवतात. असा दात कुणाला न दाखवता कचऱ्यात टाकायचा आणि पुन्हा त्याचा विषय काढायचा नाही, हा सगळ्या लॅबचा शिरस्ता. काकू मात्र पहिल्या वर्षापासून आपले परत आलेले दात उचलून ठेवत, प्रत्येकाला चिठ्ठी गुंडाळून. का परत आला, एवढंच चिठ्ठीवर.

पहिला त्यांनी काळ्या कापडावर ठेवला, फोटो काढला आणि लिहिलं: 'हा दात परत आला. रंग मी ट्यूबलाइटखाली जुळवला होता. पेशंट दिवसभर उन्हात काम करणारा. उन्हात हा दात निळसर दिसतो. चूक माझी. तेव्हापासून रंग खिडकीपाशी बघते.'

पुढच्या आठवड्यात दुसरा: 'हा दात सुंदर आहे, म्हणून परत आला. पेशंट सत्तरीचे. आजूबाजूचे दात झिजलेले आणि मधे हा नवरदेवासारखा उभा. चूक माझी. तोंडाचं वय बघायला विसरले.'

कवळीवाल्यांनी दुपारच्या चहाला त्यांना गाठलं. "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय. नोकरी मागायला निघालात आणि चुकांचं प्रदर्शन मांडलंत?"

मालकांनीही बोलावलं. लॅबची अब्रू जाते, काढून टाका, म्हणाले.

"मालक, त्यात लॅबचं नाव नाही, डॉक्टरांचं नाही, पेशंटचंही नाही," काकू म्हणाल्या. "बावीस वर्षांत माझे म्हणावेत असे एवढेच दात आहेत. ते मी काढणार नाही."

लोक मात्र वाचायला लागले. आधी दोनचार, मग पन्नास, मग दूरदूरच्या लॅबमधले, स्वतःच्या स्टुलावर पाठ मोडून घेतलेले लोक. 'माझाही असाच परत आला होता, कारण आज कळलं,' असं एकीने लिहिलं. एका दंतवैद्याने विचारलं, रंग नक्की कुठल्या वेळी बघावा? काकू प्रत्येकाला उत्तर देत, एका बोटाने, जेवणाच्या सुट्टीत. एका शहाण्याने टोमणा मारला: 'एवढ्या चुका करणारीला कोण ठेवणार?' काकूंनी उत्तर दिलं: 'तुमचे किती परत आले?'

तरी महिने जात होते. एकवीस दात टाकून झाले, ओळखी शेकड्याने वाढल्या आणि नोकरी एकही आली नाही. काकूंना धास्ती वाटत होती. कौतुकाने काही कामाचं टेबल मिळत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी बाविसावा दात टाकला.

हाताचं काम बंद व्हायला तीन आठवडे उरले असताना निरोप आला. एका मोठ्या लॅबच्या प्रमुखबाईंचा. मशीनवर कोरलेला प्रत्येक दात बाहेर जाण्याआधी बघायला आणि चुकलं तर का चुकलं ते तरुण मुलांना सांगायला माणूस हवा होता. शनिवारी सकाळी अकरा वाजता व्हिडिओवर बोलू, असं त्यांनी लिहिलं होतं.

शनिवारी काकू इस्त्रीची साडी नेसून जेवणाच्या टेबलापाशी बसल्या. मुलगी समोर, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी. प्रमुखबाई साठीच्या, आवाजाने करड्या. इकडचं तिकडचं काही न विचारता त्यांनी चिमट्यात एक दात धरला आणि कॅमेऱ्यापुढे आणला.

"हा बघा. काय चुकलंय?"

"खिडकीपाशी न्या," काकू म्हणाल्या. "आता फिरवा. अजून. आतली बाजू दाखवा. कड... कड जवळ आणा. सावकाश."

प्रमुखबाई सांगतील तसं करत होत्या. काकू बघत होत्या. कडेला फट नव्हती. टोक जिथे विरळ व्हावं तिथे विरळ झालं होतं. एका अंगाला किंचितशी झीज होती, आणि तीही मुद्दाम केलेली, कुणाच्या तरी तोंडाचं वय ओळखून. बाईंना चूक हवी होती. सगळी नोकरी त्या चुकीवर होती. समोरून मुलगी ओठ हलवून सांगत होती, काहीतरी सांग! रंग म्हण! सांगायला अवघड काय होतं? कॅमेऱ्यात कुठलाही रंग जरा उतरलेला दिसतोच.

"परत एकदा उजेडात धरा," काकू म्हणाल्या. त्यांनी पुन्हा बघितलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"यात चूक नाही."

"नक्की?"

"तुम्ही म्हणताय म्हणून चूक कुठून आणू? हा दात परत आलेलाच नाही. येणारच नाही."

मुलीने कपाळाला हात लावला. पलीकडे प्रमुखबाईंनी चिमटा खाली घेतला. मग म्हणाल्या, "हा मी केलेला. सतरा वर्षं झाली. पेशंट देवाघरी गेले, दात बसवायचा राहिला, म्हणून माझ्याकडे उरला. तुमच्याआधी अकरा जणांना दाखवला. प्रत्येकाने यात चूक काढली." त्या दात कापडात गुंडाळायला लागल्या. "एक तारखेपासून याल?"

"येईन," काकू म्हणाल्या, आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "पण तो दात ठेवू नका अजून. एकदा फिरवा. आता मला नुसता बघायचाय."