मजामां म्हणणारा माणूस

विम्याच्या कंपनीनं पाठवलेल्या माणसाला मी माझ्या हातानं पोहे खायला घातले. वर शेव, ओलं खोबरं, सगळं. आज आठवलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

आमच्या ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बडोद्यात निजामपुऱ्याच्या रस्त्यावर एका टेम्पोनं उडवलं होतं. स्कूटर भंगारात गेली आणि ह्यांचा खुबा मोडला. टेम्पोच्या विमा कंपनीनं पहिल्या ऑपरेशनचे पैसे कुरकुरत का होईना, दिले. पण हाड वाकडं जुळलं. दुसरं ऑपरेशन लवकर झालं नाही तर पाय कायमचा गेला म्हणून समजा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्याला मात्र कंपनी एक पै द्यायला तयार नव्हती. कारखान्यातला पगार बंद, शिल्लक औषधांत गेलेली. मग काय करणार, कोर्टात दावा लावला.

त्याच दिवसांत घरात उंदरांचा उच्छाद सुरू झाला. ह्यांच्या उशाशी घडी करून ठेवलेला पंचा सकाळी पाहावा तर टोकाशी कुरतडलेला. एक टाकला, दुसरा काढला, त्याचीही तीच गत. शेवटी ह्यांनीच शेजारून पिंजरा मागवला. मी त्यात भाखरीचा तुकडा अडकवून कॉटखाली ठेवायची. मेला उंदीर काही सापडत नव्हता.

अशात एका दुपारी तो गृहस्थ आला. "माझ्या मेव्हण्याचा खुबा मोडलाय, तुमचे डॉक्टर कसे आहेत ते विचारायला आलो," म्हणाला. असा गोड बोलला की विचारू नका. ह्यांनी बेल ऐकल्याबरोबर काठी दारामागे उभी केली होती. "केम छो?" त्यानं विचारलं. "मजामां!" हे म्हणाले, अगदी मजेत असल्यासारखे. तासभर गप्पा झाल्या, पोहे झाले, चहा झाला. निघताना आमचे हे त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले, तेही काठीशिवाय. "आवजो," म्हणून हातही हलवला.

पुढच्या आठवड्यात आमच्या वकिलानं अलकापुरीतल्या ऑफिसात बोलावून घेतलं आणि कंपनीचा अहवाल वाचून दाखवला. 'जखमी व्यक्ती आधाराशिवाय फाटकापर्यंत चालत आली. प्रकृती विचारता मजामां असे उत्तर दिले.' माझे पोहे खाऊन हे लिहिलं त्यानं? लाज नाही, शरम नाही!

"अहो, काठी का नाही घेतलीत?" रिक्षात मी ओरडलेच.

"पाहुण्यासमोर काठी कशाला, म्हटलं."

"आणि मजामां?"

"मग काय म्हणायचं? केम छो विचारलं की बडोद्यात मरायला टेकलेला माणूसही मजामांच म्हणतो गं."

कप्पाळ माझं! कोर्टाच्या तारखेपर्यंत मी त्यांना बजावत राहिले, तिथं तोंडून मजामां निघालं तर याद राखा. आणि घोळ कुणी घातला? मी.

आधी माझी साक्ष झाली. कंपनीच्या वकिलानं अगदी अदबीनं विचारलं, "बेन, घरी ते दुखण्याची तक्रार करतात का?" मी मान ताठ केली. "तक्रार? छे! आमच्या ह्यांनी कधी हूं की चूं केलं नाही." तो हसला. "बस, एटलुंज." तेवढंच हवं होतं त्याला. आमच्या वकिलानं कपाळाला हात लावला, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. जीभ हासडून टाकावी असं झालं. ऑपरेशन माझ्याच तोंडानं घालवलं की काय!

मग हे उभे राहिले. न्यायाधीशांनी खुर्ची द्यायला लावली. कंपनीचा वकील म्हणाला, "मजामां म्हणालात की नाही? तेव्हा खोटं बोललात, की आज बोलताय?" हे खाली बघत बसले. अखेर न्यायाधीशांनीच पेन खाली ठेवून गुजरातीत विचारलं, "काका, रात्रे ऊंघ आवे छे?" झोप येते का, एवढंच.

"ना, साहेब," हे म्हणाले. मग थांबेचनात. कूस बदलली की खुब्यात सुरी फिरते. मी स्वयंपाकघरात गेल्याशिवाय हे जिना चढत नाहीत, कारण चढताना रडू येतं. रात्री तोंडातून आवाज निघू नये म्हणून पंच्याचं टोक दातांत धरून पडतात. "ती दिवसभर राबते, तिला उठवायचं नाही," असंही म्हणाले, सगळं गुजरातीत, परक्या माणसाला. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. इतकी वर्षं ज्या माणसाच्या शेजारी झोपले, त्याचं हे मला मराठीत कधी कळलंच नव्हतं.

कोर्टानं तो अहवाल बाजूला सारला आणि ऑपरेशनचे पैसे द्यायला लावले. पण ते नंतरचं. त्या दिवशी आम्ही सुभानपुऱ्याला घरी आलो, हे कॉटवर टेकले, आणि माझी नजर खाली गेली. पिंजरा तिथंच होता, आत वाळकी भाखरी. मी बघतेय हे त्यांनी पाहिलं.

"दुखतंय का हो?" मी विचारलं.

सवयीनं त्यांचं तोंड उघडलं, मिटलं.

"हो," ते म्हणाले. "फार."

मी होते तिथंच फरशीवर बसले.