चिमीची ओटी

हे मी आजवर कुणापुढे बोललेलो नाही. बायकोपुढेही नाही — आणि तिला तर माझे बाकीचे दोष तोंडपाठ आहेत.

दोन हजारनंतरची काही वर्षं मी सिंगापूरला होतो. पुण्यात हौसेने मोडी शिकलो होतो. तांजोंग पगारच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला तिचा उपयोग शून्य. पण तिथल्या मराठी मंडळींत मी एकदम 'इतिहासकार' झालो. किती स्वस्तात!

विश्वासराव हे आमच्यातलं बडं प्रस्थ. जुरोंग ईस्टला काँडो, दिवाणखान्यात तलवार — ती कस्टममधून कशी सोडवली याची कथा तलवारीपेक्षा लांब. गावाकडच्या जुन्या कागदांची सीडी त्यांनी मला दिली. गणपतीत घराण्याच्या इतिहासाचं प्रदर्शन लावायचं होतं.

वाचत गेलो. पराक्रम फारसा नव्हता. भांडणं भरपूर होती. आणि एका वाटणीपत्रात — घोडी, दुभत्या म्हशी, तांब्याचा हंडा, आणि त्याच ओळीत पुढे: चिमी कुणबीण, लेकीसह. कुणबीण म्हणजे विकत घेतलेली बाई. तुम्हाला माहीत नसेल तर त्यात तुमचा दोष नाही. आपण हे शिकवत नाही. पुढच्या कागदात ती लेक आंदणात गेलेली — लग्नात भांडी देतात तशी. मग चिमीला मुलगा झाला, राणू. बाप कोण, लिहिलेलं नाही. लिहायची गरज कुणाला होती? राणूला ओढ्यापलीकडे घरापुरती जागा, भावकीत हक्क नाही.

मला किळस आली. गोष्ट इथे थांबली असती तर मी बरा माणूस ठरलो असतो.

प्रदर्शनाच्या फलकावर मी काय लिहिलं? 'या घरात आश्रितांनाही मायेने सांभाळलं जाई.' विश्वासरावांनी तसं लिहायला सांगितलं नव्हतं. त्यांना मोडीचं एक अक्षर येत नव्हतं. त्यांनी फक्त मोदकांचं ताट पुढे केलं आणि पाहुण्यांना सांगितलं, "हे आमचे इतिहासकार!" मला तेवढं पुरलं.

पण खरी घाण पुढेच आहे.

सुनंदाताई वुडलँड्सला राहायच्या, संशोधनात होत्या. विश्वासरावांच्याच गावच्या, त्याच आडनावाच्या. प्रदर्शनानंतर त्यांनी मला घराजवळच्या हॉकर सेंटरवर, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांवर, बोलावलं.

"विश्वासराव म्हणतात, तुम्ही आमच्या भावकीतले नाही. मग आडनाव काय आम्हाला बसच्या तिकिटावर फुकट मिळालं?"

हसल्या. मग सांगू लागल्या — त्यांच्या घरी प्रत्येक लग्नात पहिली ओटी चिमाआईची. पाटावर कुणी बसत नाही. नुसता खण, नारळ, तांदूळ ठेवायचे. ती कोण, विचारलं की म्हातारी माणसं गप्प. मूळ पुरुष राणू आणि घर ओढ्यापलीकडे, एवढंच ठाऊक. वडील आता थकले होते. जाण्याआधी त्यांना एकदा कळायला हवं होतं.

"तुमच्या कागदांत चिमा कुठे दिसली का हो, दादा?"

"नाही," मी म्हणालो.

का? सांगितलं असतं तर त्या विश्वासरावांकडे गेल्या असत्या, आणि फलकावरची माझी ओळ खोटी पडली असती. बस. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं — सापडत नाही. वर तज्ज्ञाच्या सुरात पुस्तीही जोडली: तुमचे पूर्वज बहुधा बाहेरगावाहून आले असावेत, अशी नावं लोक मागाहून रचतात. त्यांनी माझे आभार मानले.

पुढच्या वर्षी एमआरटीच्या लोकलमध्ये भेटल्या. गावाकडे भावाचं लग्न उरकून आल्या होत्या.

"बाबांना तुमचं सांगितलं," त्या सहज म्हणाल्या. "ते म्हणाले, जी बाई झालीच नाही तिची ओटी कशाला? या वेळी नाही भरली."

तेव्हा तरी तोंड उघडता आलं असतं ना? गाडीत तेवढा वेळ होता. मी म्हणालो, "बरं केलंत."

चिमीला विकत घेणारे दुसरे होते. तिची लेक देऊन टाकणारे दुसरे, राणूला ओढ्यापलीकडे ठेवणारेही दुसरेच. तिचं नाव ज्या एका घरात उरलं होतं, तिथून ते मी काढलं.